घरच्यांना परकी भाषा शिकवायला घ्यावी का?

पारिजात

मी पुण्यात गेली अकरा वर्षे जर्मन अनुवादाचे काम करते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवात केली, पुढे मॅक्स म्युलर भवनातून सी१ पातळी (ए१ ते सी२ या सहा चढत्या पातळ्यांतली पाचवी) पूर्ण केली, आणि तेव्हापासून नात्यातले किंवा मैत्रीतले कोणी ना कोणी "मला जरा जर्मन शिकव ना" म्हणून येत राहिले. आजवर सात जणांना मी घरी, विनामोबदला शिकवले. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की परीक्षा समोर असेल तर आपल्या माणसाला भाषा शिकवायला घेऊ नये. हे मत कठोर वाटेल, म्हणून त्यामागचा प्रसंग सांगते.

माझी मामेबहीण लग्नानंतर जर्मनीला जाणार होती. तिकडे २००७ पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी ए१ पातळीची अट आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा निवास परवाना, असणाऱ्यांच्या जोडीदारांना ती लागू होत नाही, परंतु तिच्या यजमानांकडे ब्लू कार्ड नव्हते. क्लासची नवी बॅच सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून मामांनी तिला माझ्याकडे पाठवले. चार महिने रविवारी सकाळी दहाला ती येत असे आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत असू. तिची प्रगती उत्तम चालली आहे असे मला मनापासून वाटत होते.

परीक्षेच्या तोंडी भागात आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते: नाव, वय, देश, राहण्याचे ठिकाण, भाषा, व्यवसाय आणि छंद. मग परीक्षक एखादा शब्द, पुष्कळदा नावच, एकेक अक्षर सुटे करून सांगायला लावतात. 'जोशी' हे आडनाव तिथे 'योट, ओ, एस, हा, ई' असे सांगावे लागते. बहीण घरी 'जे' म्हणून सुरुवात करी, माझ्याकडे पाही आणि लगेच 'योट' म्हणे. ती सुधारणा माझ्या भुवया उंचावण्यामुळे होत होती, हे चार महिन्यांत माझ्या एकदाही ध्यानात आले नाही. परीक्षेत समोरचा चेहरा अनोळखी आणि स्थिर होता. ती पहिल्याच अक्षराला अडखळली आणि त्या धक्क्यातून पुढच्या भागातही सावरली नाही. १०० पैकी ६० गुण लागतात, तिला ५४ मिळाले. व्हिसाचा अर्ज तीन महिने लांबला. मामींनी त्या काळात मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

आपल्या माणसाचे अर्धे वाक्य ऐकले की उरलेले आपल्याला कळते, आणि नकळत आपण ते पुरे करून देतो. परकी भाषा शिकणाऱ्याला नेमके ते उरलेले अर्धे वाक्यच स्वतः रचायला शिकायचे असते. आपल्या सर्वांचा याबाबत काय अनुभव आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

अनुस्वार

पारिजात, आपण प्रांजळपणे लिहिले आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. दोष आपल्या एका सवयीचा होता. त्यावरून घरच्या शिकवणीलाच दोषी ठरवणे योग्य नाही.

माझ्या वहिनींचे शिक्षण संगमनेरला मराठी माध्यमातून झाले. पुण्यात त्या ज्या क्लासला जात होत्या तिथे सगळे स्पष्टीकरण इंग्रजीतून चाले. दोन महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा 'मला थंडी वाजते' यासाठी 'इश बिन काल्ट' असे म्हणत होत्या, कारण इंग्रजीतल्या वाक्याचा एकेक शब्द त्यांनी जर्मनमध्ये बसवला होता. त्या जर्मन वाक्याचा अर्थ 'मी थंड आहे', म्हणजे स्वभावाने भावनाशून्य आहे, असा होतो. बरोबर वाक्य 'मीर इस्ट काल्ट' असे आहे, आणि त्यातले 'मीर' म्हणजे सरळसरळ आपले 'मला', चतुर्थी विभक्ती. 'मला आवडते' यालाही जर्मन तीच विभक्ती वापरते. हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग हे आपल्यासारखंच आहे की!" त्या दिवसापासून त्यांची भीती गेली.

असे दुवे कितीतरी आहेत. जर्मनमध्ये एकवीसला 'आइन-उंड-स्वान्सिश' म्हणतात, म्हणजे एक आधी आणि वीस नंतर, जसे आपण एकवीस, बावीस म्हणतो. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आणल्यावर महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता, ते आठवत असेल. जर्मन मुले आजही आपल्या जुन्या पद्धतीनेच मोजतात.) पुढे ए२ला 'वाइल' लावून कारण सांगणारी वाक्ये येतात. 'कारण मी आजारी आहे' हे 'वाइल इश क्रांक बिन' असे होते. शब्दांचा क्रम जागच्या जागी तोच आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास चुकतो, मराठीतून शिकणाऱ्याला चुकायचे कारणच नाही. विद्यार्थ्याची मातृभाषा शिकवणाऱ्याचीही असणे, हा घरच्या शिकवणीचा फार मोठा लाभ आहे, आणि तो सोडून द्या असे आपण सांगत आहात.

वर्गशिक्षिका

मी अठरा वर्षे जर्मन शिकवते आहे आणि या वादात पारिजात यांच्या बाजूने आहे, मात्र माझी कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण वेळेचे. गोएथे इन्स्टिट्यूट (आपले मॅक्स म्युलर भवन तिचेच) ए१ परीक्षेच्या तयारीसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात असे सांगते, म्हणजे ६० ते १५० तास. रविवारी एक तास या हिशेबाने ६० तासांना ६० रविवार लागतात, आणि घरी सणवार, पाहुणे, लग्नकार्ये यांतून वर्षाला ४० रविवार मिळाले तरी पुष्कळ. पारिजात, चार महिन्यांत आपल्या वाट्याला किती तास आले असतील ते मोजून पाहा. तुमच्या बहिणीच्या गुणांमागे तुमच्या भुवयांइतकाच हाही भाग असावा.

दुसरे कारण मला अधिक सलते. घरी शिकून माझ्याकडे आलेले विद्यार्थी नामे लिंगाशिवाय शिकून येतात. टेबल म्हणजे 'टिश' एवढेच त्यांना ठाऊक असते, 'डेर टिश' नव्हे ('डेर' हे नामाआधी येऊन लिंग दाखवणारे आर्टिकल). घरचा शिक्षक म्हणतो, "आर्टिकल नंतर बघू, आधी शब्द होऊ दे." ते नंतर कधीच होत नाही. जर्मनमधली विभक्ती मुख्यतः आर्टिकलवर दिसते. लिंग माहीत नसेल तर अनुस्वार यांनी कौतुकाने सांगितलेली चतुर्थी नामाला लावायची कशी? सर्वनामापुरते 'मीर' जमेल, पण 'त्या मुलीला', 'त्या टेबलावर' इथे गाडी अडते. शिवाय इथे मराठीचा आधार उलट फसवतो. आपल्याकडेही तीन लिंगे आहेत, म्हणून विद्यार्थी निर्धास्त असतो. परंतु आपला सूर्य पुल्लिंगी तर त्यांचा स्त्रीलिंगी, आपले टेबल नपुंसकलिंगी तर त्यांचे पुल्लिंगी, आणि आपली मुलगी त्यांच्याकडे 'दास मेडशन', म्हणजे चक्क नपुंसकलिंगी. लिंगाशिवाय पाठ झालेले पाचशे शब्द पुन्हा पाठ करून घेणे हे शून्यापासून शिकवण्याहून कष्टाचे आहे, आणि ते कष्ट मी दर वर्षी घेते.

घरच्यांनाही शिकवायचे असेल तर थोडी का होईना, फी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. फी दिली की माणूस रविवार चुकवत नाही.

अनुस्वार

लिंगाचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. ती चूक माझ्याकडूनही झाली होती. वहिनींच्या वहीत पहिली तीस-चाळीस पाने आर्टिकलशिवाय आहेत. फीचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ज्या वहिनींनी माझ्या आजारपणात दोन महिने माझा डबा सांभाळला, त्यांच्यापुढे मी पावती कशी धरू? घरात देणे-घेणे चालू असतेच, फक्त ते पैशांत मोजलेले नसते. वहिनींनी एकही रविवार चुकवला नाही, आणि त्याचे कारण फी नव्हते. मी माझा वेळ देतो आहे याची त्यांना जाणीव होती.

वर्गशिक्षिका

अनुस्वार, तुमच्या वहिनींसारखे विद्यार्थी मिळणे हे भाग्य आहे. सर्वांनाच ते लाभत नाही. जाणीव नसलेले नातेवाईक दहा मिनिटे आधी "आज जमणार नाही" असा निरोप पाठवतात आणि शिकवणाऱ्याने तयारीत घालवलेली संध्याकाळ कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. फुकट शिकवणारी व्यक्ती बहुधा घरातली मुलगी किंवा सून असते, हेही मी अनेक घरांत पाहिले आहे.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून लिहितो आहे. आपण सगळे परीक्षेबद्दल बोलत आहात, म्हणून एक निराळी बाजू मांडतो.

माझी आई कोल्हापूरला असते. तिचे वय ६३. माझी मुलगी इथल्या बालवाडीत जाऊ लागल्यापासून घरीही जर्मनच बोलू लागली, आणि व्हिडिओ कॉलवर आजी-नात एकमेकींकडे नुसत्या पाहत राहू लागल्या. मुलीला मराठी शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी करतो आहे, पण तोवर आईने थांबावे का? तिला पहिले वाक्य शिकवले ते 'हास्ट डू गेगेस्सन?', म्हणजे 'जेवलीस का?' कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यात हे वाक्य नसते, कारण त्यातला भूतकाळ ए१च्या शेवटाकडे येतो. पहिल्या धड्यात नाव, गाव आणि व्यवसाय असतो. माझ्या आईला नातीचा व्यवसाय विचारायचा नव्हता. तिने देवनागरीत लिहिलेली सत्तर-ऐंशी वाक्ये देवघराशेजारच्या वहीत आहेत. 'उम्लाउट' (स्वराक्षरावरची दोन टिंबे) म्हणजे काय हे तिला माहीत नाही, परंतु 'ऊ' म्हणायला ओठ गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचे, एवढे सांगितल्यावर तिचा 'म्यूड'मधला स्वर माझ्यापेक्षा चांगला येतो, आणि ती रोज संध्याकाळी नातीला 'बिस्ट डू म्यूड?', म्हणजे 'दमलीस का?' असे विचारते. हे शिकवायला माझ्याशिवाय दुसरे कोण येणार होते? कोणत्या बॅचमध्ये तिला बसवायचे होते?

पारिजात

नेकारकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. म्हणूनच मी सुरुवातीला 'परीक्षा समोर असेल तर' असे म्हटले होते; तुमच्या उदाहरणाला माझा विरोध नाही, आणि असे शिकवणे घरातच व्हावे असे मीही म्हणेन.

वर्गशिक्षिका, आपले गणित वाचून मी जुनी डायरी काढली. चार महिन्यांत आमचे बाराच रविवार झाले होते; बैठक तासाहून थोडी लांबत असे, तरी एकूण जेमतेम सोळा-सतरा तास. हा आकडा मी तेव्हाच मामांपुढे ठेवायला हवा होता. मला भाषा येते म्हणजे मला शिकवताही येते, हे घरच्यांनी गृहीत धरले आणि मीही ते मान्य केले. बहीण नंतर रोजच्या बॅचला बसली आणि दुसऱ्या खेपेला ८१ गुणांनी उत्तीर्ण झाली. ते यश त्या वर्गाचे आणि तिचे आहे.

अनुस्वार, मराठीतून मिळणाऱ्या आधाराबद्दल आपण लिहिले ते मला पूर्ण पटले. त्यामुळे माझ्या मतात एवढा बदल करते: व्हिसा किंवा नोकरी अवलंबून असेल त्याने क्लासला जावे, आणि क्लासमध्ये न कळलेले मराठीतून समजून घ्यायला, किंवा सरावाला, घरच्या माणसाकडे यावे. मुख्य जबाबदारी मी यापुढे घेणार नाही, फीसुद्धा घेणार नाही.

सध्या माझा आतेभाऊ अशाच सरावासाठी येतो. त्याचा क्लास सकाळी असतो. गेल्या रविवारी अक्षरे सांगताना तो 'जे' म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी वहीवरची नजर उचलली नाही. बराच वेळ गेला. बाहेर आईने दोनदा चहासाठी हाक मारली. मग त्याने स्वतःच, हळू आवाजात, 'योट' म्हटले आणि पुढचे आडनाव न थांबता सांगितले.