मोबाइलवरचं फुकट शिक्षण, मैदान आणि रान: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

फुटबॉल असो की झाडं-पाखरं, ऑनलाइन मोफत शिकलेलं आपल्या नागपुरात कितपत कामी आलं? "छान आहे, करून पाहा" एवढ्यावर भागवू नका. नेमकं काय कळलं, ते सांगा.

कामठीकर
आमच्याकडे पोरगं चालायच्या आधी बॉल मारते, पण नियम वाचते कोण बापा? फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या संस्थेच्या साइटवर खेळाचे १७ च्या १७ नियम मोफत आहेत. ऑफसाइडचा ११ वा. त्यात साफ लिहिलंय, थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरवरून बॉल थेट आला तर ऑफसाइड नाही. मागे थ्रो-इनवरून आलेल्या बॉलवर एकाने गोल मारला अन् समोरची अख्खी टीम "ऑफसाइड" ओरडून रायली होती. मोबाइल काढून दाखवला, गोल कायम. तेव्हापासून गल्लीतल्या दर मॅचला शिट्टी माझ्याच गळ्यात!

सिव्हिल लाइन्सची काकू
आमच्या कंपाउंडातल्या जुन्या झाडावर राखी धनेश वर्षानुवर्षं येतो. मला वाटायचं, फळं खायला येत असेल. मग पक्ष्यांवरचा एक मोफत धडा पाहिला. मादी ढोलीत शिरते आणि चिखल-विष्ठेने दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. उरते फक्त एक फट. नर बाहेरून त्या फटीतून भरवत राहतो. यंदा एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दुर्बीण घेऊन बसले. नर आला, घशातून एकेक फळ वर काढून चोचीच्या टोकाशी आणलं आणि आत सरकवलं. आतली चोच क्षणभरच दिसली. आता सोसायटीत कुणी "ते पोकळ झाड पाडून टाकू" म्हणालं, की मी मीटिंगला हजर.

फिजिक्सवाले सर
ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसची १९९७ ची फ्रान्सविरुद्धची फ्री किक वर्गात दाखवतो. स्वतःभोवती फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो, हवा त्याला उलट बाजूला. हा मॅग्नस परिणाम पोरांना फळ्यावर कधी पटला नव्हता. आता मधल्या सुट्टीत सगळे त्याच्यासारखं पायाच्या बाहेरच्या बाजूनेच मारतात. खिडक्यांचं बोलत नाही.

नोकरदार
स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शिकणं फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर फी. मला ते कुठे लावायचंय?

गोरेवाड्याचा भटक्या
अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं. पावसाच्या तोंडावर झुडपातून दोन सुरांची शीळ आली, ॲप म्हणालं नवरंग. पण ॲपने सांगितलं म्हणून नोंदवहीत लिहायचं नाही, हा माझा नियम. थांबलो. बऱ्याच वेळाने पाचोळा उलथताना दिसला, तेव्हा लिहिलं.

कामठीकर
भाऊ, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन येऊ का नवरंग पाहायला?

गोरेवाड्याचा भटक्या
काऊन चक्कर फुकट घालता? तोवर तो दक्षिणेकडे निघून गेलेला असतो. जूनमध्ये या, पहाटे.