प्रतिसाद: गर्दी टाळून कोची बघायचं असेल तर

फोर्ट कोचीत मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी रेटारेटीत फोटो काढून परत आलात, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून खरंच वाईट वाटलं. पुढच्या वेळी जाळ्यांकडे पाठ फिरवा आणि कलवथीहून बझार रोडने मट्टनचेरीकडे चालायला लागा. दोन-अडीच किलोमीटर असतील. सकाळी लवकर निघा, नंतर दमट उकाडा सहन होत नाही.

या रस्त्यावर कौलारू वखारी आहेत, दर्शनी बाजू रस्त्याकडे आणि पाठ थेट पाण्याला. पूर्वी माल होडीतून तिथेच उतरायचा. सुंठ, मिरी यांचा वास अजूनही अंगावर येतो. एखादं दार उघडं दिसलं तर विचारून आत डोकवा. बहुतेक जण मट्टनचेरीतलं १५६८चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि डच पॅलेस बघून रिक्षात बसतात, वखारींकडे कुणी फिरकत नाही. (पॅलेस शुक्रवारी आणि सिनेगॉग शनिवारी बंद, तेवढं बघून ठरवा.)

मला सगळ्यात भिडली ती मट्टनचेरीजवळची चेरलाई ही वस्ती. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडलेली कोकणी माणसं इथे वसली. तिरुमल देवस्वम हे त्यांचं मंदिर. मलबारच्या वनस्पतींवर डचांनी काढलेल्या 'होर्टस मलबारिकस' या लॅटिन ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या इथल्याच वैद्यांनी माहिती पुरवली. १६७५ सालचं त्यांचं प्रमाणपत्र त्यात कोकणीत, नागरी लिपीत छापलंय. मंदिराबाहेर दोन आजी बोलत होत्या, त्यातलं निम्मं मला कळलं. तिथून पाय निघेना.