बाबांच्या दुकानातली दोन पोती कातरण – दिवाळीपर्यंत घरच्यांसाठी काय काय शिवून होईल?

पेठेतली_सुई:
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, सांभाळून घ्या.

माझ्या बाबांचं कसब्यात शर्ट-पँट शिवायचं छोटंसं दुकान होतं, 41 वर्षं चालवलं आणि या जूनमध्ये बंद केलं. जागा सोडावी लागली, शिवाय आता शिवून घेणारी माणसंही मोजकीच राहिली. दुकान रिकामं करताना माळ्यावरून दोन पोती कातरण निघाली, भंगारवाला न्यायला तयारच होता, आईपण म्हणाली देऊन टाक, घरात जागा कुठंय, पण माझा हात काही सुटेना आणि मी ती रिक्षात घालून घरी घेऊन आले. गिऱ्हाइकाच्या कपड्यातलं उरलेलं बाबा आधी गिऱ्हाइकालाच विचारायचे, नको म्हणाला तरच ठेवायचे, आणि तेही कसं तर रंगारंगाचे गठ्ठे करून त्याच कापडाच्या काठाच्या पट्टीने बांधलेले. काही गठ्ठ्यांवर खडूने मापं सुद्धा आहेत अजून.

तर या दिवाळीला काही विकत आणायचं नाही असं ठरवलंय. सातही जणांना या कापडातूनच काहीतरी शिवून द्यायचंय. आई, बाबा, दादा, वहिनी, नऊ वर्षांचा भाचा, आत्या, आणि बहिणीला ऑगस्टमध्ये मुलगी झालीय ती. मला साधं शिवण येतं म्हणजे पिशव्या, अभ्रे, परकर वगैरे. तुकडेजोड कधी केली नव्हती.

गणपतीनंतर सुरुवात केली, 6 इंची 24 चौकोन कापले, जोडले, इस्त्री केल्यावर इतकं छान दिसत होतं की फोटो काढून बहिणीला पाठवला. मग धुतलं आणि वाळल्यावर बघते तर सगळं गोळा झालेलं, काही चौकोन आखडलेत काही फुगलेत, एका बाजूला कापड ओढल्यासारखं झालंय. रडूच आलं खरं सांगायचं तर. नक्की काय चुकलं? आणि आज चौथी माळ, भाऊबीजेपर्यंत सात वस्तू होतील का, हाताने करू की मशीनवर? मशीन बाबांचंच आहे, पायाचं.

उभाआडवा:
ताई आधी ते उसवू नका, ठेवा बाजूला, त्यातलं बरंच वाचेल.

तुमची शिलाई चुकलेली नाही, कापडं एकमेकांना धरून नव्हती एवढंच. शर्टपँटच्या दुकानातली कातरण म्हणजे त्यात सुती पॉपलिन असणार, टेरीकॉट असणार, सुटिंग असणार. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, टेरीकॉट जवळजवळ आटत नाही, आणि सुटिंग जड असल्यामुळे शेजारच्या पातळ तुकड्याला ओढतं. म्हणजे सुतीने आपली जागा सोडली आणि टेरीकॉट तिथंच राहिलं, म्हणून ते फुगलं. तेव्हा पहिलं काम वर्गवारीचं. सुती वेगळं, टेरीकॉट वेगळं, सुटिंग वेगळं, आणि सुती तेवढं सगळं कापायच्या आधी धुऊन वाळवून इस्त्री करून घ्या. गडद लाल, निळं वेगळं भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सध्या ऊन कडक आहे पण परतीच्या पावसाचा भरवसा नाही, सकाळीच वाळत घाला.

ओळखायचं कसं, तर कडेचा एक धागा किंवा बोटभर चिंधी चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवून बघायची, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवूनच. सुती असेल तर कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून आकसतं, काळा धूर येतो आणि शेवटी टणक मणी उरतो. टेरीकॉटमध्ये दोन्ही असतं, जळतंही आणि चुरडताना बोटाला खडेही लागतात.

आणि हे फार महत्त्वाचं म्हणून वेगळं लिहितोय. स्वयंपाकघरात गरम भांडं उचलायचं फडकं किंवा तव्यापाशी वापरायचं काही शिवणार असाल तर त्यात टेरीकॉटचा एक तुकडासुद्धा नको. वितळलं तर हाताला चिकटतं. तिथे फक्त सुती, आत जुन्या टॉवेलचे दोन थर.

मांजरपाट:
वरचं सगळं पटलं. माझं म्हणणं डिझाइनबद्दल आहे. चौकोन का कापताय? शर्ट कापल्यावर उरतं काय ते बघा, बाजूच्या लांब अरुंद पट्ट्या आणि मुंढ्याचे, म्हणजे बाही जोडतात तिथले, चंद्रकोरीसारखे तुकडे. त्यातून 6 इंची चौकोन काढायला गेलात की निम्मं कापड परत कातरण होतं, आणि बाबांनी इतकी वर्षं जपलेलं कापड पुन्हा वाया घालवायचं जिवावर येईल तुमच्या. कापड ज्या आकाराचं आहे त्याच आकाराची जोड करा.

मधे एक चौकोन आणि भोवती पट्ट्या फिरवत जायच्या. सोफ्याच्या उशीचा 16 इंची अभ्रा घेतला तर मधला चौकोन साडेचार इंच कापायचा, पट्ट्या 2 इंच रुंद. प्रत्येक शिवणीला पाव इंच दाब, म्हणजे टाक्याबाहेरची कड, आत गेला की चौकोन 4 इंचाचा दिसतो आणि पट्टी दीड इंचाची. चारी बाजूंनी एक फेरी झाली की 4 चे 7 होतात, मग 10, मग 13, मग 16. चार फेऱ्यांत झाला. शेजारशेजारच्या दोन बाजूंना गडद रंग आणि समोरच्या दोन बाजूंना फिके ठेवलेत तर अर्धं ऊन अर्धी सावली पडल्यासारखं दिसतं, मला स्वतःला ते कुठल्याही नक्षीपेक्षा आवडतं. दर पट्टीनंतर इस्त्री करा, कंटाळा करू नका, दाब गडद कापडाकडे वळवा म्हणजे फिक्यातून दिसत नाही. पट्टी उभ्या धाग्यात कापा, उरेब म्हणजे तिरकी कापली गेली तर ताणते आणि चौकोन वाकडा होतो.

शर्टिंगला 14 नंबरची सुई, सुटिंगला 16. सुटिंगची बसकरं करा, आत्यांना पूजेला बसायला एकदम छान, झिजत नाहीत लवकर. भाच्याला टेरीकॉटचं दप्तरातलं पाऊच. खालच्या बाजूला मांजरपाट लावा, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, स्वस्त आणि मजबूत, पण तोही आधी धुऊनच, कोरा मांजरपाट चांगलाच आटतो. दोरे, चेन, लेस रविवार पेठेत मिळेल सगळं, फक्त आठवड्यातल्या दिवशी दुकानं उघडता उघडता जा. दसऱ्यानंतर तिकडे पाय ठेवायला जागा नसते.

वाकळवाली:
मी मूळची साताऱ्याकडची, आमच्यात वाकळ म्हणतात, पुण्यात आल्यावर गोधडी म्हणायला लागले. सत्तरी पार केली आहे, अजून दरवर्षी एक होते हातून.

बाळ, सात जणांत गोधडी एकालाच दे. का ते हिशोबाने सांगते. एका माणसाची गोधडी 60 बाय 90 इंच धर. इंचाइंचावर धावदोरा घातला तर 60 ओळी झाल्या, एकेक 90 इंचाची, म्हणजे 5400 इंच. मीटरमध्ये 137 भरतात. हे नुसतं दोरा घालणं, तुकडे जोडणं वेगळंच. दिवाळीच्या फराळाच्या दिवसात घरच्या बाईने एवढं डोक्यावर घेतलं तर ना धड चकली होते ना धड गोधडी. एकच कर आणि ती आईला दे.

पद्धत आमची अशी. खाली जुनं लुगडं किंवा धोतर जमिनीवर ताणून अंथरायचं, कडांवर पाटे, डबे ठेवायचे, मधे मऊ जुन्याचे थर, वर तुझी तुकड्यांची बाजू. आधी मोठे कच्चे टाके घालून सगळं बांधून घ्यायचं, मग कडेपासून दोरा सुरू करून फिरत फिरत आत मधाकडे यायचं. कर्नाटकात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज आहे, त्यांच्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात ती पण कडेकडूनच आत येते. दोरा सुतीच घे, मेणावरून एकदा ओढ म्हणजे गुंतत नाही. जुन्या कापडात पॉलिएस्टरचा दोरा घातला तर काही वर्षांनी तो दोराच कापडाला कापत जातो, हे मी माझ्या सुनेच्या गोधडीत पाहिलंय.

बाळाचं दुपटं मात्र या कातरणीतून नको असं मला वाटतं. नव्या शर्टिंगला ताठपणा असतो. बाळाला जुनं, शंभर वेळा धुतलेलं सुतीच अंगाला बरं. आईचं एखादं जुनं लुगडं-साडी बघ.

उभाआडवा:
आजी नमस्कार, एका गोष्टीत वेगळं मत मांडतो, राग मानू नका. कडेकडून आत यायचं हे नुसत्या जुन्या कापडाच्या थरांना बरोबर आहे, कापड कापडाला धरून बसतं. पण आत दुकानातला पांढरा फायबरचा थर घालणार असतील तर मधापासून कडेकडे जा, नाहीतर तो फुगीर थर आत अडकून मधे टेंगूळ येतं आणि मग ते काढायला सगळं उसवावं लागतं.

दुपट्याचं म्हणणं एकदम मान्य. त्यात भर एवढीच की बटण, मणी, लोंबती लेस काही नको, आणि जाड करू नका, झोपेत तोंडावर येऊ शकतं. बाळाच्या खाली अंथरायला द्या.

वाकळवाली:
राग कसला रे, फायबर मी कधी घातलाच नाही. बरोबर असेल तुझं.

घडीवाली:
मला शिवणातलं फार कळत नाही, पण सगळं वाचलं. सुई ताई, बाबा सध्या काय करतात? त्यांना विचारलंत का यातलं काही? माझे वडील प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा पहिले काही महिने नुसते गॅलरीत बसून असायचे, त्यांना काय देऊ काय देऊ करत आम्ही वस्तू आणत राहिलो आणि त्यांना हवं होतं ते काम.

पेठेतली_सुई:
आज दसरा, सगळ्यांना शुभेच्छा. उत्तर द्यायला उशीर झाला कारण इकडे बरंच काय काय घडलं.

बाबांना मी काही सांगितलंच नव्हतं. श्रावणात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा ओवायला त्रास होतो अजून, मला वाटलं कातरण दाखवली तर दुकान आठवून उगाच वाईट वाटेल. घडीवाली, तुमचं वाचून त्याच रात्री एक पोतं हॉलमध्ये ओतलं. मी ताटली, चिमटा, काडेपेटी घेऊन बसले तर बाबा म्हणाले हे काय करतेस, आण इकडे. तुकडा अंगठा आणि बोटात धरून एकदाच चोळायचे, मुठीत दाबून सोडायचे, सुरकुती राहिली की नाही बघायचे आणि ठेवायचे. सुती. टेरीकॉट. सुती. मला खात्री वाटेना म्हणून मी मधूनमधून दहा-बारा तुकडे जाळून बघितले, एकही चुकला नव्हता. रात्री साडेबारापर्यंत बसलो. आई दोनदा ओरडली आणि मग तीपण येऊन गठ्ठे बांधायला लागली.

मांजरपाट, पट्ट्यांचं तुमचं म्हणणं मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले बरोबर बोलतोय माणूस, चौकोन काढायला कापड सरळ लागतं. आता कटिंग ते करतात. गुण्या (काटकोनाची पट्टी) आणि खडू, पट्टी जशीच्या तशी 2 इंच, एकही उरेब नाही. दिसण्यापेक्षा हाताच्या सवयीने कापतात असं वाटतं मला. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार घातला, दुकानात दरवर्षी घालायचे तसाच, फक्त यंदा हॉलमध्ये. काल दिवसभर मशीन बंद ठेवलं.

हिशोब असा झालाय: आत्याला सुटिंगचं बसकर तयार, भाच्याचं पाऊच तयार, वहिनीच्या दोन अभ्र्यांपैकी एक झाला (गडद-फिकं केलं, खरंच ऊनसावली दिसतं!). दादाला लॅपटॉपचं कव्हर कापून ठेवलंय. दुपट्याला आईने स्वतःची फिकी गुलाबी सुती साडी काढून दिली, ती मी हातानेच शिवणार. पहिले 24 चौकोन उसवून सुती सुती वेगळे काढले, ते आईच्या गोधडीत जातील. आजी, गोधडी कडेकडूनच, फायबर नाही, आत बाबांची दोन जुनी धोतरं.

फक्त बाबांसाठी काय ते अजून ठरलं नाहीये.

वाकळवाली:
अगं, त्यांच्या कात्रीला घर शिव की. सुटिंगचं, आत दोन थर, टोकाला चामड्याचा तुकडा लाव म्हणजे फाटणार नाही. मोठी कात्री असणार त्यांची.

पेठेतली_सुई:
आजी!! हो, बारा इंची आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात. आत्ता ते खाली सोनं वाटायला गेलेत, तेवढ्यात माप घेऊन ठेवते.