ओमेर 'मोजणे' : मराठीत काय म्हणायचं?

ज्यू लोक वल्हांडण या सणापासून ४९ दिवस रोज एकेक करून मोजतात, त्याला ओमेर मोजणं म्हणतात, आणि त्यात आभार मानण्याचाही भाग आहे म्हणे. इस्रायलमधल्या एका कलीगशी संध्याकाळी कॉल चालू होता, मी सहज विचारलं आज ओमेरचा कितवा दिवस गं, तर म्हणाली "काल सोळावा होता". म्हटलं अगं आजचं विचारतोय! तर हसली, म्हणे मोजायचं राहिलंय अजून, नुसता आकडा तोंडातून गेला तरी मोजल्यात जमा, मग त्याची प्रार्थना म्हणता येत नाही. तर याला मराठीत काय म्हणावं? 'ओमेर मोजणे' म्हटलं की वाण्याचं दुकान आठवतं आणि 'दिवस मोजणे' म्हटलं की आजोबांचं काही खरं नाही असं वाटतं 😀

–

वाण्याचं दुकान तितकंसं चूक नाही हो. ओमेर म्हणजे पेंढी आणि ओमेर म्हणजे मापही, एफा या जुन्या हिब्रू मापाचा दहावा भाग. वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिरात नव्या सातूचा ओमेर वाहायचे, तिथून ४९ दिवस मोजायचे आणि ५० व्या दिवशी शावुओत हा सण. इ.स. ७० मध्ये मंदिर पाडलं गेलं, सातू वाहणं थांबलं, मोजणं तेवढं राहिलं. आणि बायबलातल्या गोष्टीत इस्राएली लोकांना रानात देवाकडून मान्ना हे अन्न मिळायचं, तेही माणशी एक ओमेर, कुणी हावरटपणे जास्त गोळा केलं तरी मापात तेवढंच भरायचं. थोडक्यात एका माणसाचा एका दिवसाचा शिधा!

–

यात आभाराचा भाग कुठून आला पण?

–

कबाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या, ती मानणारे या सात आठवड्यांना सात गुण लावतात, त्यातला पाचवा 'होद'. त्याचा अर्थ तेज, पण त्याचं नातं 'होदाया'शी जोडतात, म्हणजे आभार मानणं, कबूल करणं. ३३ वा दिवस, लाग बाओमेर, हा पाचव्या आठवड्यातला पाचवा, म्हणून होदातला होद. हिब्रूत थँक्यूला 'तोदा' म्हणतात तेही त्याच घरातलं. आणि गंमत म्हणजे बायबलात याकोबाची बायको लेआ चौथ्या मुलाच्या वेळी "आता मी देवाचे आभार मानीन" म्हणते आणि नाव ठेवते यहुदा, म्हणजे आपला 'यहुदी' शब्दच आभारातून आलाय.

–

मग मला 'जमेस धरणे' आवडेल. कारण हे उरलेले दिवस मोजत नाहीत, आलेले मोजतात, "आज सतरा दिवस, म्हणजे दोन आठवडे आणि तीन दिवस" असं चढत जातं. बाकी परवा त्या कलीगचा मेसेज होता, २९ वा अख्खा दिवस विसरली बिचारी, आता रोज मोजते पण प्रार्थनेशिवाय. याला मात्र मराठी शब्द शोधावा लागला नाही, खंड पडला.