वकील संघटनेने कायदा सुधारणेसाठी बोलावे, की सभासदांपुरते पाहावे?

कोर्टनाका :
ठाण्यात आमच्या बार रूममध्ये गेल्या आठवड्यात एका ठरावावरून तासभर वाद झाला, म्हणून हा धागा. जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार नसल्यामुळे आत अडकलेल्या कच्च्या कैद्यांबाबत (म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही अशांबाबत) संघटनेने शासनाला आणि उच्च न्यायालयाला निवेदन द्यावे, इतकाच तो ठराव होता. ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून तो पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

माझे मत उलट आहे. माझ्या एका पक्षकारावर मोबाइल चोरीचा आरोप होता आणि १५ हजारांच्या जामिनाचा आदेश झालेला होता. त्याची आई कळव्याहून रोज यायची. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका, वीजबिल आणि लेकाचे आधार कार्ड असे. पण स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार तिला मिळेना, कारण तिच्या ओळखीत कोणाच्याच नावावर घर नव्हते. न्यायालयापासून कारागृह जवळच आहे. तिथून बाहेर यायला त्या मुलाला आदेशानंतर ४१ दिवस लागले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. आदेशानंतर महिनाभरात बंधपत्र (हजर राहण्याची लेखी हमी) सादर झाले नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्येच सांगितले आहे. त्याचा पाठपुरावा रोज न्यायालयात उभे राहणाऱ्यांनी करायचा नाही, तर कोणी? अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ६ मध्ये कायदा सुधारणेस चालना देणे हे कर्तव्य म्हणूनच लिहिलेले आहे.

जुनी सनद :
वकीलसाहेब, कलम ६ पुन्हा वाचावे. ते कर्तव्य राज्य बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या वैधानिक संस्थेचे आहे. आपली संघटना सभासदांच्या वर्गणीवर चालते, आणि त्या सभासदांत आरोपीचे वकील आहेत तसे फिर्यादीचेही आहेत. ज्युनिअर मंडळींना बसायला खुर्ची नाही, ती जिन्यात उभी राहून अर्ज लिहितात. आधी ते पाहू.

खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव आपल्याच व्यवसायातील संघटना करत आल्या आहेत, आणि असे ठराव बेकायदा व शून्यवत आहेत हे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट करावे लागले. वकिलांना संपाचा अधिकार नाही, हा हरीश उप्पल प्रकरणातील निर्णय २००२ चा आहे. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिवक्ता दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात संपबंदीचे कलम दिसताच कित्येक ठिकाणी कामकाज बंद पडले, आणि थोड्याच दिवसांत केंद्राने तो मसुदा फेरविचारासाठी मागे घेतला. आपली ताकद आपण अशी वापरतो. त्या दिवशी ज्या कच्च्या कैद्याची तारीख होती, त्याच्या हक्कांचे काय झाले, हे कोणत्या निवेदनात लिहायचे?

घोडबंदरचा पक्षकार :
मी वकील नाही. काम बंद असल्याचे आम्हाला कळते ते अर्धा दिवस रजा टाकून कोर्टात पोहोचल्यावर. एवढेच नोंदवतो.

बेलापूरकर :
जुनी सनद यांचा संपाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु सभासदांचे हित आणि लोकांचे हित यांत त्यांनी घातलेली भिंत मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरातही चालावे यासाठी, म्हणजे तिथल्या सर्किट बेंचसाठी, सहा जिल्ह्यांतील वकील संघटना कित्येक वर्षे लढल्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झाले. त्यातून तिथल्या वकिलांना काम मिळाले, हे खरेच. पण सिंधुदुर्गातल्या पक्षकाराची मुंबईची फेरीही वाचली. त्याही आधी, आणीबाणीत मुंबईच्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्यावर सभा ठरवली, पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली आणि नाथवाणी प्रकरणात उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्या वेळी ‘आधी खुर्च्या’ असे कोणी म्हटले असते, तर ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच नसते.

आमच्याकडे तळोजा कारागृह आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद वगळता तिची बंधपत्रावर सुटका व्हायला हवी, आणि त्यासाठीचा लेखी अर्ज कारागृह अधीक्षकांनी करायचा आहे. असे किती अर्ज आले, एवढे विचारायला तरी वर्गणीचा प्रश्न येऊ नये.

कोर्टनाका :
कलम ६ बाबत माझी चूक झाली, ती मान्य करतो. ठरावातून तो उल्लेख काढतो. वकीलपत्र नाकारण्याचे आवाहन आपली संघटना कधीही करणार नाही, हे वाक्य जोडतो. बेलापूरकर ताईंचा अर्जांच्या संख्येचा प्रश्नही घेतो.

जुनी सनद :
एवढ्याने भागणार नाही. ‘संघटनेने काम बंदची हाक दिली तरी त्या दिवशी रिमांड आणि जामिनाच्या कामाला वकील हजर राहतील’ हे वाक्य ठरावात पहिले येऊ द्या, मी अनुमोदन देतो. ते शेवटी ‘शक्यतो’ लावून घातलेत, तर विरोधात हात वर करणारा पहिला मीच असेन.