तेरा वर्षांच्या मुलीच्या नकाबाचं माप घेतलं. बंदीबद्दल तुम्हाला काय वाटतं?

शिवणवाली, फोंडा

फोंड्याला माझं शिवणाचं लहानसं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. ब्लाउज, पंजाबी, शाळेचे युनिफॉर्म, आणि गेली दहा-बारा वर्षं बुरखे आणि नकाबसुद्धा. बुरख्याचं नीदा नावाचं गुळगुळीत कापड कात्रीखाली पाण्यासारखं सरकतं, म्हणून मी ते जुन्या चादरीला टाचून मगच कापते. नकाब तर त्याहून किचकट. कपाळाची पट्टी अर्धा इंच सैल राहिली की सगळा डोळ्यांवर उतरतो, आवळली की संध्याकाळी डोकं धरतं. मागे नाडी की वेल्क्रो, नाकावर दोरी हवी की नको, ते प्रत्येकीचं वेगळं.

वाद सुरू झाला तो दिवाळीत. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेलाय. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या संसदेने सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी करणारं विधेयक मंजूर केलं. दंड २०० ते ४००० युरो. नरकचतुर्दशीला आम्ही पोहे खायला बसलो होतो, त्याचा व्हिडिओ कॉल आला आणि तो म्हणाला, मावशी, इथं झालं, आता आपल्याकडेही व्हायला हवं. घरातले अर्धे त्याच्या बाजूने बोलले. मी गप्प राहिले, कारण मला दोन चेहरे दिसत होते.

एक माझी जुनी गिऱ्हाईक. नवरा तिला सांगून थकला की नकाब सोड, उकाड्यात त्रास होतो. ती सोडत नाही. दुकानात पडदा ओढला की नकाब वर करते, चहा पिते, माझ्याशी मनसोक्त बोलते. माझ्या आईच्या आजारपणात रोज संध्याकाळी डबा तिनेच आणून दिला. तिला रस्त्यात अडवून पोलिसाने पावती फाडावी, हे मला कल्पनेतसुद्धा सहन होत नाही.

दुसरी, गेल्या आठवड्यात आलेली तेरा वर्षांची मुलगी. आई म्हणाली, "हिलाही आता घालायचाय." कपाळापासून हनुवटीपर्यंत टेप धरली तेव्हा पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले. एक शब्द बोलली नाही. ॲडव्हान्स घेतलाय, कापड कापून झालंय, आणि रात्री झोप लागत नाही.

कायदा झाला तर या दोघींचं काय होईल, ते मला सांगा.

---

बायणेकरीण, वास्को

ताई, मी बंदीच्या बाजूची आहे आणि का ते सांगते. माझी एक मैत्रीण पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्याच बाकावर बसायची. लग्नानंतर नकाब आला. आता बाजारात ती मला ओळखते, मी तिला ओळखत नाही. एकदा मासळीच्या रांगेत मागून हात धरून म्हणाली, "मी आहे गो." मला तिथंच रडू आलं.

फ्रान्सचा कायदा ११ एप्रिल २०११ पासून लागू आहे. घालणाऱ्या बाईला १५० युरोपर्यंत दंड, पण तिला जबरदस्तीने घालायला लावणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो. मुलगी अल्पवयीन असेल तर दोन्ही दुप्पट. तुमच्या त्या मुलीचा विचार कोणीतरी केलाय की नाही?

---

निवृत्त मास्तर, म्हापसा

सरकारने कपड्यांत हात घातला की काय होतं, ते गोव्याइतकं कोणाला ठाऊक? १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्या पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, दारात तुळस लावायची नाही. हे तिसवाडी, बार्देश, सासष्टीत. तुमचं फोंडं तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हतं, ते १७६३ ला गेलं. जुन्या धर्माची खूण अंगावर राहू नये, हा हेतू. इन्क्विझिशन १८१२ ला संपलं, आणि सासष्टीतल्या ख्रिस्ती कुणबी बायका विसाव्या शतकातही कापड, म्हणजे जुन्या पद्धतीची साडी, नेसत होत्या. मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा सगळ्या धर्मांची मुलं चिडायची. मग आज दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याला ते बरोबर कसं वाटतं?

---

सासष्टीकार

कर्नाटकाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने बंदी मान्य केलीच आहे ना? मग गोव्यात काय अडचण?

---

साखळीची

नाही, भाऊ. तो वाद वर्गातल्या हिजाबचा होता. हिजाबमध्ये चेहरा उघडा असतो. १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. नकाबाचा प्रश्न वेगळा.

मी मुसलमान आहे, मराठी शाळेत शिकले, हिजाब घालते, नकाब नाही. माझी आजी साडी नेसायची आणि पदर डोक्यावर घ्यायची, बस. त्यामुळे नकाब आमच्या घरात "परंपरा" म्हणून आलेला नाही, हे मी आमच्या लोकांनाही तोंडावर सांगते.

ओळख पटवण्याचा मुद्दा नेहमी पुढे येतो. निवडणुकीत मला मतदान केंद्रावर ड्युटी होती. नकाबवाली बाई आली की आम्ही तिला आडोशाला नेत असू, मी एकटी कार्डावरचा फोटो बघून चेहरा ताडून बघायची. अर्धं मिनिट. कोणी कुरकुर केली नाही. बँकेत, विमानतळावर, परीक्षेला चेहरा दाखवायलाच हवा आणि बाई कर्मचारी असेल तर दाखवतातही. त्यासाठी रस्त्यावर बंदी कशाला?

बायणेकरीण बाय, तुमच्या मैत्रिणीचं वाचून मलाही भरून आलं. पण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १ जुलै २०१४ ला फ्रान्सचा कायदा टिकवला, तेव्हा सुरक्षेचं आणि स्त्री-समानतेचं कारण त्यांनीही मानलं नाही. समाजात चेहरा उघडा ठेवून "एकत्र राहणं" एवढ्या एका कारणावर तो टिकला. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने उलट मत दिलं. आणि दुप्पट शिक्षेचं म्हणाल, तर त्या तेरा वर्षांच्या पोरीने स्वतःच्या आईविरुद्ध पोलीस स्टेशनात जायचं का? ती जाणार नाही. दंडाच्या भीतीने तिला घरातच बसवतील, शाळा सुटेल.

शिवणवाली ताई, तिच्याशी कोणी बोललंय का? मोठ्या माणसांशिवाय, एकटीशी?

---

बायणेकरीण, वास्को

शाळा सुटेल हे मी धरलं नव्हतं. माझं मत बदललं असं नाही, पण मुलीसाठी कायदा वेगळा आणि मोठ्या बाईसाठी वेगळा हवा, एवढं पटतंय.

---

शिवणवाली, फोंडा

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. माझ्या जुन्या गिऱ्हाइकाबद्दल आता मनात शंका नाही. तिला हात लावायचा अधिकार कोणाला नाही, भाच्याला आज हेच कळवते. मुलीबद्दल मात्र कायदा करा म्हणायलाही जीभ वळत नाही आणि गप्प बसणंही जमत नाही.

साखळीची ताई, तुमचा प्रश्न लागला. तिच्याशी मीसुद्धा बोलले नाही. तोंडासमोर टेप धरून उभी होते, आणि विचारलं ते फक्त "घट्ट होतंय का?"

बुधवारी ट्रायल आहे. आईला बाहेर बाकावर बसवीन, पडदा ओढीन आणि पोरीला विचारीन. ती हो म्हणाली तर नीट शिवून देईन, नाकावर दोरी लागणार नाही असा. नाही म्हणाली तर आईला आत बोलावून सांगायचं धैर्य मला करावं लागेल, ॲडव्हान्स परत द्यावा लागला तरी. पट्टीला अजून कच्चा टाकाच आहे.