पालकाच्या पानातून पेशी काढणे: शाळेच्या वर्गात कसं करावं

विषय: पालकाचं पान आणि ऊतक अभियांत्रिकी, आठवीसाठी

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या (एनएसएफ) ‘रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर टीचर्स’ (आरईटी) योजनेतून उन्हाळ्यात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम केलेले काही शिक्षक या ईमेल-यादीवर आहेत, म्हणून विचारते. अमेरिकेतल्या वुस्टर पॉलिटेक्निकचा २०१७ चा पालकाच्या पानाचा प्रयोग, म्हणजे पानातल्या पेशी धुऊन काढून शिरांचा सांगाडा तेवढा ठेवायचा आणि त्यावर माणसाच्या पेशी वाढवायच्या, आठवीच्या वर्गात जमेल का? तास ४५ मिनिटांचा, फ्यूम हूड (घातक वाफा ओढून घेणारं कपाट) नाही. त्यात लागणारं हेक्झेन (पेट घेणारं द्रावक) हा शब्द वाचूनच मुख्याध्यापक नाही म्हणतील.

– आठवीची विज्ञानशिक्षिका

उत्तर: पालकाचं पान

ताई, जमेल. हेक्झेन वगळा, ते पानावरचा मेणचट थर काढायला होतं. तो थर राहिला तर बाहेरून नुसतं भिजवलेलं पान फार रेंगाळतं, म्हणून द्रावण देठातूनच आत सोडायचं. मूळ प्रयोगात १% एसडीएस (पेशी फोडणारा डिटर्जंट) पाच दिवस देठातून वाहतं ठेवलं होतं, मग ट्रायटन (दुसरा डिटर्जंट) आणि सोडियम क्लोराइट (रंग घालवायला), मग पाणी. उरलेल्या सांगाड्यावर वाढवलेल्या माणसाच्या हृदयपेशी २१ दिवसांपर्यंत आकुंचन पावत होत्या. मुलांना हे आधी सांगा. नाहीतर पान पांढरं करण्यात एवढं काय, असं त्यांना वाटतं.

पान: सुपरमार्केटमधलं डब्यातलं बेबी स्पिनॅच घेऊ नका, त्याचा देठ फार आखूड असतो. देसी दुकानातली लांब देठांची जुडी आणा. देठ पाण्याखाली धरून धारदार पात्याने तिरका कापा. हवेत कापला तर हवा नलिकांत शिरते, बुडबुडा अडकतो आणि पानाचा तेवढा भाग शेवटपर्यंत हिरवा राहतो. देठावर घट्ट बसणारी सिलिकॉनची नळी चढवा, वरून पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी) गुंडाळा. देठात सुई खुपसू नका. पालकाच्या देठात नलिकांचे अनेक जुडगे असतात, सुई त्यातल्या एखाद्यातच जाते किंवा भलतीकडेच.

द्रावणाची बाटली पानाच्या साधारण ६० सेंमी वर टांगा, पंपाची गरज नाही. डिटर्जंट सोडण्याआधी लाल खाद्यरंगाचं पाणी सोडून बघा. रंग शिरांतून टोकापर्यंत पोचला नाही तर ते पान टाकून द्या, पाच दिवस फुकट घालवू नका. एसडीएसची पूड विकत घेऊ नका, ती उडते आणि नाकाघशाला झोंबते. १०% तयार द्रावण घ्या: १०० मिली त्यात ९०० मिली डिस्टिल्ड पाणी.

ब्लीच शेवटी, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, गॉगल घालून, खिडकी उघडून, शिक्षकांनीच. घरगुती ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट असतं, ते मूळ प्रयोगातल्या क्लोराइटपेक्षा वेगळं रसायन आहे. रंग उतरला की लगेच बाहेर काढा, जास्त वेळ राहिलं तर पानाचा लगदा होतो. व्हिनेगर किंवा अमोनिया त्याच्या आसपासही नको. आणि हे सगळं मराठी मंडळाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात करायचा विचार कोणी करू नये :)

– आरईटी केलेला जीवशास्त्राचा शिक्षक

उत्तर: उत्तर: पालकाचं पान

दादांच्या कृतीत रसायनाची थोडी भर. एसडीएस थंडीत साका होऊन खाली बसतं. हिवाळ्यात वीकेंडला शाळेचं हीटिंग कमी करतात. सोमवारी नळी तुंबलेली दिसली तर आधी बाटली कोमट पाण्यात ठेवून बघा. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. नळाचं जड पाणी चालत नाही, कॅल्शियममुळे गढूळ होतं. पोटॅशियम तर त्याहून वाईट: बऱ्याच पीबीएस बफरमध्ये (पेशी धुवायचं खारट द्रावण) पोटॅशियम क्लोराइड असतं आणि पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात जेमतेम विरघळतं. धुवायला साधं डिस्टिल्ड पाणीच बरं.

माझा प्रश्न दुसराच आहे. पान पांढरं झालं म्हणजे पेशी गेल्या, हे मुलांना कशावरून दाखवायचं?

– रसायनशास्त्र, हायस्कूल

उत्तर: उत्तर: उत्तर: पालकाचं पान

नेमका मुद्दा, आणि बहुतेक वर्गांत हाच सुटतो. रंग जाणं हा पुरावाच नाही. स्टार्चच्या चाचणीत पान गरम अल्कोहोलमध्ये घातलं की तेही पांढरं होतं, पण पेशीतला ऐवज आणि केंद्रक जागेवरच असतात. म्हणून अल्कोहोलमधलं पान शेजारी ठेवाच (वॉटर बाथवर, ज्योत नको).

केंद्रक बघायला पालक गैरसोयीचा, जाड पडतो. कांद्याची पातळ साल घ्या, एकेरी थराची. एक तुकडा अल्कोहोलमध्ये, एक १% एसडीएसमध्ये पानाइतकाच वेळ, एक साध्या पाण्यात. मग तिन्हींवर मिथिलिन ब्लूचा (निळा रंग) थेंब, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठं करून बघा. पहिल्यात निळे केंद्रक, दुसऱ्यात नुसत्या भिंतींची जाळी. तिसरा ताजा हवा, बरेच दिवस पाण्यात राहिला तर सडतो. तो तपासणीच्या दिवशीच काढा. प्रयोगशाळेत उरलेला डीएनए मोजतात. शाळेत एवढं पुरे.

सांगाड्यावर प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या भानगडीत पडू नका. ३७ अंश, ५% कार्बन डायऑक्साइड आणि निर्जंतुक हूड नसेल तर वाढते ती बुरशी. त्याऐवजी चर्चा शिरांवर न्या: केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या पलीकडे पेशीला ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून जाड ऊतक बनवताना आधी वाहिन्यांचं जाळं लागतं, आणि ते पानात आयतं मिळतं. मात्र हे जाळं सेल्युलोजचं. आपल्या शरीरात सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं विकर) नाही, म्हणजे सांगाडा विरघळणार नाही. हे चांगलं की वाईट, यावर एक पूर्ण तास जातो.

– आरईटी केलेला जीवशास्त्राचा शिक्षक